सूर्यास्तापर्यंतचं मौन

आमच्या घरात इच्छाशक्ती आली आणि सगळ्यात आधी पंखा बंद झाला.

जळगावात एप्रिलमध्ये पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण माझे यजमान पारसमलजी पाटावर बसून तुपाच्या दिव्याकडे एकटक बघत असायचे. त्याला त्राटक म्हणतात. पंखा लावला की ज्योत हलते, ज्योत हलली की नजर हलते आणि नजर हलली की मन हलतं, असं त्यांना नवल सरांनी सांगितलं होतं. नवल सर मेहरूणच्या तलावावर रोज पहाटे योगवर्ग घेतात. तर यांचं मन हलू नये म्हणून मी शेजारच्या स्वयंपाकघरात घाम टिपत पोळ्या लाटायच्या आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. इच्छाशक्ती त्यांची वाढत होती आणि घामोळं मला येत होतं.

मग थंड पाण्याची अंघोळ सुरू झाली. त्या दिवसांत आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटेसुद्धा हात पोळेल असं असतं. थंड पाणी आणायचं कुठून? मी आदल्या संध्याकाळी मोरीत बादल्या भरून ठेवायच्या आणि त्यांच्यावर ओली फडकी टाकायची. त्यानंतर आला मिताहार. मित म्हणजे नेमकं किती, हे जेवायला बसल्यावरच यांच्या मनाला कळणार. त्यामुळे स्वयंपाक पुरता करायचा आणि उरलेलं माझ्या पानात. मी एकदा म्हटलं, "अहो, तुमच्या मिताहारानं माझं वजन वाढायला लागलं." तर ते डोळे मिटून हसले. तीस वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्यावर हा माणूस डोळे मिटून कधी हसला नव्हता. आधी ताट तरी सरकवायचा किंवा आवाज तरी चढवायचा. मी चुपचाप मोरीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या बादल्या भरल्या.

हे सगळं मी सोसत होते ते आमच्या रिद्धीसाठी. ती आमची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी तिने धुळ्याच्या राजदीपशी कोर्टात लग्न केलं. दोघं जळगावच्या कॉलेजात एका वर्गात होती. आम्ही मारवाडी जैन, कपड्यांचं दुकान असलेले. राजदीपचं घर बौद्ध. वडील सुपडूभाऊ एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, आई लिलाबाई अंगणवाडीत. लग्न झाल्यावर पंधरवड्याने पारसमलजी एकटेच धुळ्याला गेले, रिद्धीला परत आणायला. देवपुरातल्या त्या गल्लीत, त्यांच्या ओट्यासमोर उभे राहून ते इतक्या मोठ्याने बोलले की समोरच्या घरांतून माणसं बाहेर आली. काय बोलले ते मी लिहिणार नाही. लिलाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला होता, तो यांनी घेतला नाही. आमच्यात लेकीच्या सासरचं पाणी पीत नाहीत, अशी एक जुनी रीत आहे. नंतर नातेवाइकांना सांगायला ती बरी कामाला आली. पण त्या दिवशी ती रीत नव्हती. यांना मी ओळखते.

तेव्हापासून रिद्धी माहेरी आली नाही. फोन करायची, तोही मला, दुपारी, हे दुकानात असताना.

संक्रांतीच्या सुमारास तिने सांगितलं की तिला दिवस गेलेत. मी फोन ठेवला आणि देव्हाऱ्यासमोर बसून रडले. पहिलं बाळंतपण माहेरी. माझं झालं, माझ्या बहिणींचं झालं, माझ्या सासूबाईंचं, सुगनबाईंचंही झालं होतं. लेक सातव्या महिन्यात आईच्या घरी येते, आई तिला डिंकाचे लाडू करून घालते, तेल लावते. यात काही विचारायचं असतं असंच मला वाटत नव्हतं. मार्च संपताना मी तिला फोनवर म्हटलं, "कधी येऊ न्यायला?"

रिद्धी म्हणाली, "मम्मी, मला यायचंय. पण पप्पांनी इथे यावं आणि माझ्या सासू-सासऱ्यांना स्वतःच्या तोंडाने विचारावं. नीट, बसून. इतर मुलींचे वडील विचारतात तसं. एवढंच. माफी मागा असंही मी म्हणत नाही."

मी हे पारसमलजींना सांगितलं तेव्हा मला वाटलं आता भांडी वाजणार. पण ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला माझाच भरवसा नाही, पुनम. तोंड उघडलं की काय बाहेर पडेल, ते मलाच नंतर कळतं." हे मात्र खरं होतं आणि ते त्यांनी स्वतःहून कबूल केलं म्हणून मला त्यांची कीवही आली. दुसऱ्याच दिवशी दुकानाशेजारच्या कोणीतरी नवल सरांचं नाव सांगितलं आणि हे मेहरूणला जायला लागले.

फरक पडला, हे नाकारणार नाही. एकदा मी दुकानात डबा घेऊन गेले होते. एक गिऱ्हाईक चार धुण्यांतून निघालेला बनियन परत करायला आलं होतं. पूर्वी यांनी त्याला भर बाजारात उभं-आडवं घेतलं असतं. यांनी बनियन हातात घेतला, दीर्घ श्वास घेतला, घडी घातली आणि दुसरा काढून दिला. मी डबा ठेवून घरी आले ती जवळजवळ पळतच. त्या संध्याकाळी मी रिद्धीच्या खोलीतली गादी उन्हात टाकून झटकली, पलंगाखालची खोकी काढली, नवी चादर घातली. वेड्यासारखी आशा लागते माणसाला.

वाक्यसुद्धा आम्ही बसवलं होतं. "सुपडूभाऊ, लिलाबाई, रिद्धीला बाळंतपणाला न्यायचं आमच्या मनात आहे. तुम्ही पाठवाल का?" मी गॅसपाशी उभी राहायचे, हे दारात उभे राहून म्हणायचे. सुरुवातीला सुरतेच्या व्यापाऱ्याकडून माल मागवल्यासारखं वाटायचं. मी म्हणायचे, "हळू. आपण मागतोय." ते पुन्हा म्हणायचे. शेवटी शेवटी ते इतकं छान म्हणायला लागले की मला वाटलं, आता हा माणूस तरला. मे महिन्यातला एक रविवार ठरला. रिद्धीने सांगितलं, दुपारी जेवायलाच या, आई वरण-बट्टी करणार आहे.

त्या रविवारी सकाळी पारसमलजी आमच्या जैन स्थानकात दर्शनाला जाऊन आले. पायी विहार करत आलेल्या साध्वी, महासतीजी, तिथे थांबल्या होत्या. परत आले ते गप्पच. मला वाटलं, मनातल्या मनात वाक्य घोकतायत. मी मिठाईचा डबा, रिद्धीसाठी दोन गाऊन आणि बाळंतशेपांचा पुडा पिशवीत भरला. आम्ही एसटीत बसलो. एरंडोल आलं, गेलं. कंडक्टरशी तिकिटाचं मीच बोलले. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता आणि मी त्यांना सांगत होते की आधी पाणी घ्या, मग खुशाली विचारा, मग थोडं थांबून विषय काढा. ते मान हलवत होते. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "चहा घेता का?" त्यांनी नकाराची मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मला एकदम शंका आली. "अहो, मौन तर नाही ना घेतलं?"

त्यांनी मोबाइल काढला आणि टाइप करून माझ्यापुढे धरला. पच्चक्खाण घेतलंय. सूर्यास्तापर्यंत.

आमच्यात साधू-साध्वींसमोर हात जोडून एखादं व्रत ठराविक वेळेपर्यंत घेतात, त्याला पच्चक्खाण म्हणतात. घेतलेलं पच्चक्खाण मोडायचं नसतं. कोणी मोडायला लावायचंही नसतं. मोडायला लावणाऱ्याला मोडणाऱ्याहून जास्त पाप लागतं, असं सुगनबाईंनी मला नवी सून असताना बजावलं होतं आणि मी ते आजवर पाळत आले. दिराच्या मुलाने एकदा अठ्ठाईचे, सलग आठ दिवसांचे, उपवास धरले होते. तो तापाने फणफणला तरी त्याला पेज घे असं मी म्हटलं नव्हतं.

पारोळ्याच्या स्टँडवर, भर गर्दीत, मला किंचाळावंसं वाटलं. ज्या दिवशी बोलायचं, त्याच दिवशी मौन? दीड महिना दिव्याकडे बघितलं ते कशासाठी? मी दात आवळून म्हटलं, "मग विचारणार कोण?"

त्यांनी टाइप केलं. बोललो तर बिघडवीन. गप्प राहिलो तर काही बिघडणार नाही. तू विचार. मी हात जोडीन.

खाली अजून एक ओळ होती. सर म्हणतात, जिथे तोल जातो तिथेच परीक्षा द्यावी.

परत फिरावं असं मनात आलं. पण तिकडे लिलाबाई सकाळपासून चुलीपुढे असणार. आणि रिद्धीला काय सांगू? गाडी सुटली. धुळं येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझ्या शेजारी हा माणूस मांडीवर हात ठेवून, पाठ ताठ करून, सावकाश श्वास घेत होता.

देवपुरातलं घर बैठं आहे, पुढे ओटा, ओट्याला जाळीचं दार. सुपडूभाऊ दारातच उभे होते. "या, या. उनमा ऊनात, पहिले पानी पी ल्या," असं अहिराणीत म्हणत त्यांनी आम्हाला आत नेलं. रिद्धी समोर आली. पोट चांगलंच पुढे आलेलं, चेहरा भरलेला. मी तिला जवळ घेतलं. तिने माझ्या खांद्यावरून वडिलांकडे बघितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

लिलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. उकळून गार केलेलं पाणी होतं, रिद्धीने सांगून ठेवलेलं असणार. पारसमलजींनी दोन्ही हातांनी ग्लास घेतला आणि सगळं पाणी प्यायले. लिलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, देवा, आता एवढ्यावरच भागव.

"गाडीले गर्दी व्हती का?" सुपडूभाऊंनी विचारलं. हे नुसते हसले. "दुकान कसं चालू शे?" पुन्हा हसणं. तिसऱ्या प्रश्नाला राजदीपने माझ्याकडे पाहिलं आणि मला सांगावंच लागलं की यांचं आज मौन आहे, सूर्यास्तापर्यंत.

सुपडूभाऊ सरळ माणूस. ते म्हणाले, "मौन शे का? मंग ऱ्हाऊ द्या. मी बी विपश्यनाना शिबिरमा बठेल शे. दुसरा दिनपासून मन पळाले लागस." त्यांनी खरंच कौतुकाने मान हलवली. लिलाबाई आत गेल्या. रिद्धी जागची हलली नाही. ती जैनाच्या घरात वाढलेली पोरगी. मौन म्हणजे काय, पच्चक्खाण म्हणजे काय, तिला कोणी समजावायची गरज नव्हती. ती वडिलांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत होता.

जेवण सुरेख होतं. बट्टी तुपात सोडलेली, खुसखुशीत. खानदेशात बट्टीबरोबर वांग्याची भाजी हवीच, पण आम्ही वांगं खात नाही म्हणून लिलाबाईंनी गिलक्याची केली होती. वरणात लसूण नव्हता. त्यांच्या घरात लसणाशिवायचं वरण पहिल्यांदाच शिजलं असेल. लिलाबाईंनी यांना विचारलं, "वरन कसं व्हयनं? मीठ बराबर शे ना?" पारसमलजींनी बोटांनी छान असल्याची खूण केली. लिलाबाई पळी हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. शब्द ऐकायला थांबल्या होत्या बिचाऱ्या. मीच घाईघाईने म्हटलं, "फार छान झालंय." माझा आवाज मलाच खोटा वाटला, वरण खरंच छान असून.

जेवणं झाल्यावर मी पदर सावरून बसले. पारसमलजींनी ठरल्याप्रमाणे हात जोडले. मी म्हटलं, "सुपडूभाऊ, लिलाबाई, रिद्धीला बाळंतपणाला न्यायचं आमच्या मनात आहे. तुम्ही पाठवाल का?"

लिलाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या जोडलेल्या हातांकडे बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, त्या दिन गल्लीमा आरोळ्या मारतांना मौन नव्हतं. आते इचाराना टाइम ऊना, तं मौन शे."

सुपडूभाऊ म्हणाले, "जाऊ दे ना," पण त्यांच्याही बोलण्यात जोर नव्हता. पारसमलजींनी डोळे मिटले आणि श्वास आत ओढला.

रिद्धी म्हणाली, "सूर्यास्तापर्यंतच आहे ना? मग थांबा. आम्ही कुठे चाललोय?"

म्हणून आम्ही थांबलो. ती दुपार मी आयुष्यात विसरणार नाही. वीज गेली. सुपडूभाऊ आतल्या खोलीत आडवे झाले, राजदीप ओट्यावर वर्तमानपत्राने वारा घेत बसला, रिद्धी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती आणि तिचे पाय सुजले होते. मी ते चेपायला घेतले. समोरच्या घरातल्या बाई काहीतरी निमित्त काढून डोकावल्या आणि लिलाबाईंना हळूच विचारलं, "त्या दिनना ह्याच शेतस का?" हळूच म्हणजे आम्हाला ऐकू येईल इतकं. लिलाबाई म्हणाल्या, "हा. आज बोलतस नही." बाई बघत बघत गेल्या.

आणि पारसमलजी दिवाणावर पद्मासन घालून बसले होते. माझ्याकडून सहन होईना. लिलाबाई आत गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि जन्मात कधी बोलेन असं वाटलं नव्हतं ते बोलले. "मोडा. एक वाक्य बोला आणि मोडा. पाप मला लागू दे. मी भोगीन. महासतीजींसमोर जाऊन प्रायश्चित्त मी घेईन."

त्यांनी डोळे उघडले. किती शांत होता तो चेहरा. कपाळावर आठी नाही, जबडा सैल, डोळे निवळ. लग्न झाल्यापासून मी ज्या चेहऱ्याची वाट पाहिली तो हाच होता आणि त्या क्षणी मला तो बोचकारावासा वाटला. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, जसं लहान मुलाला थोपटतात, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. मी रिद्धीकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, राहू दे म्हणून.

सातच्या सुमारास सूर्य मावळला. लिलाबाईंनी दिवा लावला, सुपडूभाऊ तोंड धुऊन आले. सगळे येऊन बसले. कोणी बसा म्हणालं नव्हतं, पण सगळे बसले. पारसमलजींनी नवकार मंत्र म्हटला, हात डोक्याला लावले आणि घसा खाकरला. दिवसभर न वापरलेला आवाज.

ते माझ्याकडे वळले. चेहरा फुललेला. "पुनम, जमलं. सकाळपासून एक शब्द नाही. थांब, सरांना सांगतो."

आणि त्यांनी नवल सरांना फोन लावला. तिथेच, सगळ्यांच्या मध्ये बसून. "नमस्कार सर. पूर्ण झालं सर. नाही नाही, घरी नव्हे. धुळ्याला, मुलीच्या सासरी. तुम्ही म्हणाला होता ना, जिथे तोल जातो तिथेच परीक्षा द्यावी. हो सर. सगळे बोलायला लावत होते. अगदी पुनमनेसुद्धा सांगितलं मोडा म्हणून. नाही मोडलं. हो सर, तुमचा आशीर्वाद."

सुपडूभाऊ जमिनीकडे बघत होते. लिलाबाई उठल्या आणि दुपारची वाळलेली भांडी फळीवर लावायला लागल्या. एकेक भांडं, आवाज न करता. मला त्या घरात जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

फोन ठेवल्यावर पारसमलजी नीट बसले. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. इतकं सुंदर म्हटलं त्यांनी. शांत, नम्र, दोन्ही नावं घेऊन, शेवटी थोडं थांबून. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातही ते कधी इतकं चांगलं म्हणाले नव्हते.

लिलाबाई फळीपासूनच म्हणाल्या, "पोर तुमनी शे. माले इचारानं कारन नही. तिले इचारा."

रिद्धी भिंतीचा आधार घेत उठली. "छान बोललात, पप्पा. कुठे चुकलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. "पण मी येणार नाही. दिवसभर आई-बाबांनी तुम्हाला काय काय विचारलं. तुम्ही इथे परीक्षा द्यायला आला होतात. मी तिकडे आले तर उद्या माझं बाळ रडेल, तेही तुमच्या परीक्षेतच येईल."

पारसमलजींच्या मानेची शीर तटतटली. ती शीर मला ठाऊक आहे. मी मनात म्हटलं, ओरडा एकदा. ओरडा, रडा, काहीतरी करा. त्यांनी नाकाने श्वास घेतला, रोखला, सोडला. शीर खाली बसली. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुझी मर्जी." आणि पायात चपला घालायला ओट्याकडे निघाले. जिंकले ते पुन्हा.

माझी पिशवी दाराशीच होती. तिच्यातला बाळंतशेपांचा पुडा मी सकाळी उगाच आणला होता, घरी तर न्यायचीच होती ना लेक. मी ती पिशवी उचलली आणि फळीपाशी गेले. लिलाबाईंच्या हातातलं भांडं घेतलं. मला काही म्हणायचं होतं ते आधी नीट जुळेना. कोणी बसवून दिलेलं वाक्य नव्हतं ते.

"लिलाबाई, तिचं बाळंतपण होईपर्यंत मी इथे राहू का? मला माहीत आहे, आम्ही तुमच्याशी कसे वागलो ते. माझं तोंड नाही विचारायचं. तरी विचारते. राहू द्याल का?"

लेकीच्या सासरी राहायचं, तिथलं खायचं, तेही महिना-दोन महिने. आमच्या समाजात हे ऐकून बायका कानाला हात लावतील. लिलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग रिद्धीकडे.

"ऱ्हा ना," त्या म्हणाल्या. "पन पाव्हनी म्हनीसन नही ऱ्हावानं. बठ्ठं काम करनं पडी." सगळं काम करीन, मी म्हटलं.

रिद्धी हसली आणि हसता हसता रडायला लागली. राजदीप म्हणाला, "मम्मी, तुमची गादी रिद्धीच्या खोलीत टाकतो, मी इकडे झोपेन," आणि लगेच आत गेलासुद्धा.

पारसमलजी ओट्यावर उभे होते. चपला घालून झाल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते वळून घरात बघत राहिले. दिव्याच्या उजेडात त्यांचे ओठ दोनदा हलले. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं, रिद्धीलाही कळलं असावं, कारण ती रडायची थांबली. सुपडूभाऊ तर उठून दिवाणावर सरकून बसले, शेजारी जागा करून. ते घर लहान होतं, पण एक गादी अजून मावली असती. लिलाबाई काही नाही म्हणाल्या नसत्या. आम्ही सगळे थांबलो.

"दुकान उघडायचंय सकाळी," ते म्हणाले.

मग जाळीचं दार ओढून घेऊन ते ओट्यावरून उतरले आणि स्टँडच्या दिशेने निघाले. पाठ तशीच ताठ होती.